परकी भाषा, मराठी फळा

मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र,
कुमठेकर रस्ता, पुणे.



आठवीचा वर्ग, मधल्या सुट्टीनंतरचा तास, धडा रेल्वे स्टेशनचा. जर्मन भाषेत आगगाडीला जो शब्द आहे, त्याच्या सुरुवातीला रोमन लिपीतला झेड येतो. मुलं इंग्रजीच्या सवयीने तो ‘झुग’ असा वाचतात. त्या दिवशीही पहिल्या बाकावरच्या मुलीने तसाच वाचला. मी खडू घेतला आणि फळ्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘चूक’. मुलीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मी तिच्या उत्तरावर शेरा मारला. मी म्हटलं, “अगं, हा शब्द नुसता वाच.” ती हळूच म्हणाली, “चूक.” “आणखी एकदा, मोठ्यानं.” “चूक.” “झालं. जर्मन माणूस आगगाडीला हेच म्हणतो. चमच्यातला च, चुलीतला च. आणि शेवटचा ग त्यांच्याकडे क होतो.” पाच मिनिटांत अख्खा वर्ग स्टेशनवर उभा असल्यासारखा तो शब्द म्हणत होता, आणि इतका स्वच्छ म्हणत होता की इंग्रजीच्या वाटेने आलेल्या मुलांना तो जमायला मी महिना महिना लागलेला पाहिला आहे.

ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. मला मिळालेल्या एकाही पुस्तकात ती नव्हती. शिकवायला लागल्यापासून सहाव्या वर्षी एका मुलाच्या तोंडून ‘चाक’ हा शब्द ऐकताना ती सुचली, कारण दातासाठीचा जर्मन शब्द नेमका त्याच ‘चा’ने सुरू होतो. मी ती वहीत लिहून ठेवली. पुढच्या वर्षी कळलं की गोष्ट इतकी सरळ नाही. मराठीत ‘चि’ किंवा ‘चे’ आला की आपली जीभ आपोआप मागे, टाळूकडे जाते, चिंच आणि चेंडूमध्ये जाते तशी. म्हणून ‘खोली’ आणि ‘दहा’ या जर्मन शब्दांपाशी मुलं पुन्हा अडखळतात. तिथे आधी ‘चाक, चोर, चूल’ म्हणायला लावायचं, जीभ दातांपाशी टिकवायची आणि मगच पुढच्या स्वराकडे न्यायची. तेही वहीत लिहिलं. अशा माझ्याकडे आज नऊ वह्या आहेत. या वह्यांसाठीच आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

मी पुण्यात शाळांमध्ये जर्मन शिकवते. काही वर्षं इंग्रजी माध्यमात शिकवलं, आता बहुतेक सेमी-इंग्रजी आणि मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवते. आमच्यासारखे शिक्षक या राज्यात बरेच आहेत. जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश, कुठे रशियन. पुण्याला तर ही परंपराच आहे. रानडे इन्स्टिट्यूटच्या जुन्या दगडी इमारतीत विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात संध्याकाळी वर्ग भरतात, बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युल्लर भवन आहे, जपानी शिकणाऱ्यांची संख्या या शहरात अनेक वर्षं मोठी आहे. अकरावी-बारावीला संस्कृतऐवजी जर्मन घेणारी मुलं घरोघरी आहेत. भाषा शिकणाऱ्यांची या शहराने सोय केली. ती शाळेत शिकवणाऱ्याची सोय मात्र कुणीच केली नाही, आणि माझ्या मते ती करण्याचा अधिकार आणि ताकद आपल्या परिषदेकडे आहे.

‘सोय’ म्हणजे काय, हे सांगायला हवं. आमच्यापैकी बहुतेकांनी भाषेच्या पातळ्या पार केलेल्या असतात, एखाद्याने त्या भाषेत एम.ए. केलेलं असतं. भाषा येते. पण अठ्ठावन्न मुलांचा वर्ग, आठवड्याला दोन तास, तास पस्तीस मिनिटांचा, त्यात हजेरी आणि वह्या वाटणं, हे सांभाळून ती भाषा कशी शिकवायची, हे सांगणारं आमच्याजवळ काही नसतं. मी बी.एड. केलं तेव्हा माझ्या महाविद्यालयात अध्यापनपद्धती मराठीची होती, हिंदीची, इंग्रजीची, संस्कृतची होती. जर्मनची नव्हती. मी इंग्रजीची पद्धती घेतली, सरावपाठ इंग्रजीचे दिले आणि नोकरी जर्मनची केली. माझ्या ओळखीच्या बहुतेकांचा प्रवास असाच झाला आहे.

बाहेर साधनं नाहीत, असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तो खोटेपणा होईल. गोएथे इन्स्टिट्यूटची ‘डॉइच लेरेन लेरनेन’ ही शिक्षक-प्रशिक्षणाची मालिका उत्तम आहे, मी तिच्यातून पुष्कळ शिकले. डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’ हा चित्रफितींचा अभ्यासक्रम फुकट आहे आणि मुलांना आवडतो. जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये सुरू केलेल्या पाश उपक्रमात जगभरच्या सुमारे दोन हजार शाळा आहेत. त्यातल्या शाळेत काम करणाऱ्याला पुस्तकं मिळतात, प्रशिक्षण मिळतं. फ्रेंचच्या शिक्षकाला टीव्ही५मोंदचे तयार पाठ आहेत, ‘आयएफप्रोफ’सारखं शिक्षकांचं जाळं आहे. जपान फाउंडेशनने ‘मारुगोतो’ आणि ‘इरोदोरी’ काढली. हे सगळं मन लावून केलेलं काम आहे आणि त्यामागच्या लोकांविषयी मला आदर आहे.

पण ही साधनं जगातल्या कोणत्याही शिक्षकासाठी केलेली आहेत. हनोईचा शिक्षक आणि हडपसरची शिक्षिका, दोघांच्या हातात तेच पान पडतं. हनोईच्या मुलाची जीभ कुठे अडते आणि हडपसरच्या मुलाची कुठे, हे त्या पानाला माहीत असणं शक्य नाही. ते आपल्यालाच माहीत असतं, आणि ते आपणच लिहायला हवं.

पुस्तकातल्या न्याहारीच्या धड्याचंच बघा. चित्रात पाव, चीज, मार्मलेड. ‘तू सकाळी काय खातोस?’ या प्रश्नाला वर्गातली मुलं पाठ केलेलं उत्तर देतात, पाव आणि मार्मलेड. एकदा मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “मॅडम, पण मी तर कालची पोळी चहात बुडवून खातो. ते कसं सांगायचं?” त्या प्रश्नाने मला लाज वाटली, कारण तोवर त्या मुलाला मी वर्षभर खोटं बोलायला शिकवत होते. त्या रात्री बसून मी पोळी, पोहे, उपमा, शिळी भाकरी यांचा एक तक्ता केला. पोह्यांना ‘राइसफ्लॉकेन’ म्हटलं तर जर्मन माणसाला कळतं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आपली न्याहारी जर्मनमध्ये सांगू शकला आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याने आपणहून हात वर केला. आता हा तक्ता माझ्या तिसऱ्या वहीत आहे. सोलापूरच्या किंवा नाशिकच्या शिक्षकाकडे असाच तक्ता असेल, कदाचित माझ्यापेक्षा चांगला. आम्हाला एकमेकांचे तक्ते कधी दिसत नाहीत.

मराठी मुलाजवळ परक्या भाषेसाठी किती भांडवल आहे आणि आपण ते कसं वाया घालवतो, हे वर्गात रोज दिसतं. जर्मन नामाला तीन लिंगं आहेत. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं हे जणू संकट आल्यासारखं समजावून सांगतात. मराठी मुलाला त्यात संकट कसलं? ‘ती खुर्ची’, ‘तो फळा’ असं तो जन्मापासून तीन लिंगांत बोलतो. ‘ते पुस्तक’ म्हणताना त्याला नपुंसकलिंग कळलेलं असतं. त्याला फक्त एवढंच सांगायचं, की लिंगं तीनच, पण वाटणी निराळी. समासाचंही तेच. जर्मनमध्ये शब्दांना शब्द जोडून लांबलचक नाम होतं आणि त्याचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं. आपल्या ‘गृहपाठा’चं लिंग घरावरून ठरत नाही, पाठावरून ठरतं. एवढं एक उदाहरण दिलं की सातवीतलं मूल लांबलचक जर्मन शब्दाला घाबरत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट विभक्तीची. मागच्या डिसेंबरमध्ये मी एक छोटी चाचणी घेतली. ‘मला थंडी वाजते आहे’ हे जर्मनमध्ये लिहा. अर्ध्याहून अधिक मुलांनी जे लिहिलं त्याचा अर्थ ‘मी थंड आहे’ असा झाला. जर्मन माणूस ते ऐकेल तर त्याला वाटेल, हा माणूस कोरड्या मनाचा आहे. मुलं तिथे इंग्रजीच्या मागे गेली. खरं तर जर्मन भाषा इथे अगदी मराठीसारखी आहे. तिथेही थंडी ‘मला’ असते. ‘मला हे पुस्तक आवडतं’ हे वाक्य तर शब्दाला शब्द ठेवून जर्मनमध्ये जातं. पुस्तक कर्ता, आवडण्याची क्रिया त्याची, आणि मी चतुर्थीत. इंग्रजीत ‘मी आवडवून घेतो’ असा उलटा घाट आहे. मी फळ्यावर मधोमध ‘मला’ लिहिलं, डावीकडे मराठी वाक्यं, उजवीकडे जर्मन. एका तासात चाचणी पुन्हा घेतली. चुका पाच-सहांवर आल्या.

हे जर्मनपुरतं नाही. जपानी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा अनुभव याहून सुंदर आहे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नामाला मागून छोटे शब्द लागतात, अगदी आपल्या प्रत्ययांसारखे. ‘वाताशी वा गाक्को ए इकिमास’ म्हणजे मी शाळेला जातो. ‘ए’ तिथे आपल्या ‘ला’चं काम करतो. जपानी अक्षरांचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो आणि पुढे क, स, त, न अशा ओळी येतात. हा क्रम जपानमध्ये बौद्ध ग्रंथांसोबत गेलेल्या सिद्धं लिपीच्या अभ्यासातून आला, म्हणजे त्याचं मूळ आपल्याच वर्णमालेत आहे. मराठी मुलाला तो तक्ता पाठ करवायचा नसतो, फक्त दाखवायचा असतो. पण माझी मैत्रीण ज्या पुस्तकावरून शिकवते त्यातली स्पष्टीकरणं इंग्रजीत आहेत. त्यामुळे मूल जपानीकडे पुण्याहून सरळ न जाता लंडनला वळसा घालून जातं.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटची गोष्ट आपल्याला आठवत असेल. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने मुलांना विचारलं, तुम्हाला कोणती परकी भाषा शिकायला आवडेल? रोबोटिक्समध्ये रस असलेल्या मुलांनी जपानी निवडली. २०२० मध्ये ही बातमी देशभर गेली. मला त्या बातमीतला एक तपशील आजही टोचतो. शाळेकडे ना पुस्तक होतं ना कुणी मार्गदर्शक. शिक्षकांनी इंटरनेटवरच्या चित्रफिती आणि भाषांतराची ॲप वापरून सुरुवात केली. पुढे एका जाणकाराने आपणहून ऑनलाइन वर्ग घेतले म्हणून ते रोप तगलं. खेड्यातल्या मुलांनी जपानी मागितली, शिक्षकांनी हिंमत केली, आणि त्यांच्या हातात देण्यासारखं मराठीत काही नव्हतं. त्या शिक्षकांना एक ऐंशी पानांची पुस्तिका मिळाली असती, तर ती हिंमत किती लांब गेली असती!

माझ्यासमोर येणारी एक शंका मी आधीच मांडते, कारण ती मलाही अनेक वर्षं होती. परकी भाषा त्याच भाषेतून शिकवावी, वर्गात मातृभाषा आणू नये, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं गेलं. त्यात तथ्य आहे. जर्मनच्या तासाला मराठीत व्याख्यान झोडणं हा मुलांवर अन्याय आहे. पण अठ्ठावन्न मुलं आणि पस्तीस मिनिटं यांच्यासमोर मराठीतला एक नेमका शब्द दहा मिनिटं वाचवतो, आणि ती दहा मिनिटं मुलांना बोलायला मिळतात. युरोप परिषदेने भाषांच्या पातळ्यांच्या आपल्या चौकटीला २०२० मध्ये जी पूरक जोड दिली, तिच्यात शिकणाऱ्याच्या इतर भाषांना आणि एका भाषेतून दुसरीत पोचवण्याच्या कौशल्याला मानाची जागा आहे. ज्यांच्या भाषा आपण शिकवतो तेच आता म्हणतात, मुलाच्या घरची भाषा दाराबाहेर ठेवू नका. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कितीतरी पिढ्यांनी इंग्रजी शिकून घेतली. ती पद्धत आज जशीच्या तशी चालणार नाही हे मान्य, पण मराठीतून निघून परक्या भाषेपर्यंत जाणारी वाट आपल्याच माणसांनी आखली होती, हे विसरू नये.

ही वाट आज का हवी, याचं कारण आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा भाषा शिकवल्या जाव्यात, असं नावानिशी म्हटलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार तरुणांना तिथे पाठवण्याची गोष्ट बोलली गेली. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक. ही मुलं-मुली पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतली नाहीत. ती परभणीची आहेत, चंद्रपूरची आहेत, जत आणि माणची आहेत. त्यांना जर्मन शिकवायची तर ती मराठीतूनच उलगडावी लागेल.

थोडा हिशेब मांडते. जर्मनच्या बी१ पातळीपर्यंत पोचायला पंचेचाळीस मिनिटांचे साधारण साडेतीनशे ते साडेसहाशे तास लागतात, असं गोएथे इन्स्टिट्यूट सांगतं. माझ्या शाळेत परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन वजा जाता वर्षाला साठ तास मिळतात, तेही पस्तीस मिनिटांचे. आठवी ते दहावी तीन वर्षांत पंचेचाळीस मिनिटांच्या हिशेबाने होतात एकशे चाळीस. म्हणजे शाळा मुलाला फार तर पहिल्या पायरीवर नीट उभं करू शकते. पण ती पहिली पायरी पक्की झाली तर पुढची चार वर्षं वाचतात, आणि कच्ची राहिली तर त्या मुलाला विसाव्या वर्षी पैसे भरून पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागते. पायरी पक्की करणारा माणूस शाळेतला शिक्षक आहे.

आणि हा शिक्षक टिकत नाही. एका शाळेतली गोष्ट सांगते. तिथे सात वर्षं एक फार चांगली शिक्षिका जर्मन शिकवत होती. नेमणूक तासिका तत्त्वावर. मे महिन्याचे पैसे नाहीत. शाळेच्या प्रशिक्षणांच्या यादीत तिचं नाव कधी आलं नाही, कारण तिचा विषय ‘मुख्य’ नव्हता. परीक्षेच्या सुपरव्हिजनला मात्र नाव न चुकता असायचं. वर्गासाठीच्या झेरॉक्स ती स्वतःच्या पैशाने काढायची. पुढे एका कंपनीने तिला भाषांतराचं काम दिलं, कितीतरी अधिक पगारावर, आणि ती गेली. तिला दोष कोण देईल? जाताना ती तिच्या वह्या, तक्ते, चित्रं, खेळ घेऊन गेली, कारण ते तिचंच होतं. जूनमध्ये नवी मुलगी आली. पदवी ताजी, उत्साह भरपूर. मुख्याध्यापकांनी तिच्या हातात क्रमिक पुस्तक दिलं आणि वर्ग दाखवला. कपाटात सात वर्षांच्या कामाचा एक कागद नव्हता. दुसऱ्या दिवाळीआधी तीही गेली. गणिताच्या बाबतीत असं कधी होत नाही. शिक्षक बदलला तरी गणिताची हस्तपुस्तिका, प्रशिक्षण, केंद्रातली शिक्षण परिषद, सहकारी, सगळं जागेवर असतं.

करार आले-गेले, तरी साधन आपल्या घरात असलं पाहिजे, हे २०१४ ने दाखवून दिलं. केंद्रीय विद्यालय संघटनेने २०११ मध्ये गोएथे इन्स्टिट्यूटशी करार करून जर्मन तिसरी भाषा म्हणून सुरू केली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वर्ष चालू असताना, ती थांबवली गेली. सत्तर हजारांच्या आसपास मुलांचा प्रश्न होता. संस्कृत की जर्मन यावर देशभर वाद झाला, मी त्यात पडत नाही, मला दोन्ही भाषा प्रिय आहेत. पण तिथल्या शिक्षकांनी तीन वर्षांत वर्गात जे मिळवलं होतं ते कुणी गोळा केलं का, हे विचारताना मी कुणालाच ऐकलं नाही. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून आपल्या राज्यात रान उठलं आणि शासनाने निर्णय मागे घेतले, तेव्हाही भाषा कोणती यावर सगळे बोलले. ती शिकवणाऱ्याच्या हातात काय असेल, यावर बोलणारे थोडे होते.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजच्या शाळाशिक्षकांमागे फुंदासांव ओरिएंतसारखी संस्था उभी आहे. चांगली गोष्ट आहे. पण महाराष्ट्राने अशी वाट बघण्याचं कारण नाही. आपल्याकडे परिषद आहे, बहुतेक जिल्ह्यांत डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, १९६७ पासून उभी असलेली बालभारती आहे. मुलांच्या हाती पोचवायला दीक्षा ॲप आहे, पुस्तकातला क्यूआर कोड आहे. शिक्षकांसाठी ‘जीवन शिक्षण’ मासिक आहे. यातलं काहीही नव्याने बांधायचं नाही.

म्हणून माझी विनंती लहान आहे. प्रत्येक भाषेचे पाच-सहा शिक्षक एकत्र बोलवा. प्राध्यापक जरूर असावेत, पण निम्मे तरी शाळेत रोज उभे राहणारे असू द्या, आणि पुण्याबाहेरचे असू द्या. त्यांच्याकडून त्यांच्या वह्या मागवा. त्यातून जे टिकेल ते निवडून मराठी भाषकांना जर्मन शिकवणाऱ्यासाठी एक हस्तपुस्तिका करा, मग फ्रेंचची, मग जपानीची. तिच्यात व्याकरणाचे नियम नकोत, ते सगळीकडे मिळतात. मराठी जीभ कुठे अडते आणि कुठे आपणहून पुढे जाते, एवढंच असू द्या. पोह्यांचा तक्ता असू द्या, ‘मला’चा फळा असू द्या. उच्चारांच्या ध्वनिफिती दीक्षावर टाका, म्हणजे प्रोजेक्टर नसलेल्या शाळेतही शिक्षक फोनवरून ऐकवू शकेल. ‘जीवन शिक्षण’मध्ये दोन पानं आम्हाला द्या. ती भरायला मजकूर कमी पडणार नाही, याची हमी मी देते. आणि उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात परकी भाषा शिकवणाऱ्यांसाठी दोन दिवस ठेवा, तासिका तत्त्वावरच्यांनाही बोलवा, त्या दोन दिवसांचं मानधन द्या. वर्षात दोन दिवस आम्ही एका खोलीत बसलो, तरी कुणीतरी सहाव्या वर्षी शोधलेली युक्ती दुसऱ्याला पहिल्याच वर्षी मिळेल.

पगाराचा, नेमणुकीचा प्रश्न मोठा आहे आणि तो आपल्या परिषदेचा नाही, हे मला समजतं. तो वेगळा मांडेन. वह्यांचा प्रश्न मात्र आपलाच आहे.

माझी निवृत्ती आता जवळ आली आहे. माझ्या नऊ वह्या मी स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून काढल्या आहेत. त्यांच्यावर माझं नाव छापलं नाही तरी चालेल, मानधन नको. माझी शाळा शनिवारी साडेअकराला सुटते आणि कुमठेकर रस्ता तिथून चालत वीस मिनिटांवर आहे. आपण सांगाल त्या शनिवारी मी वह्या परिषदेत आणून देते.

आपली नम्र,
पुण्यातील एक जर्मन शिक्षिका